इंग्रजी क्रियापद आणि त्यामागून येणारे अव्यय

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी वाचकाची एक नेहमीची अडचण अशी की वाक्यातला प्रत्येक शब्द ओळखीचा असूनही वाक्याचा अर्थ हाती लागत नाही. 'गिव्ह' म्हणजे देणे आणि 'अप' म्हणजे वर, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण 'ही गेव्ह अप स्मोकिंग' या वाक्यात कोणी कोणाला काही देत नाही आणि वरही काही जात नाही, त्या माणसाने धूम्रपान सोडलेले असते. क्रियापद आणि त्याच्या मागून येणारे एखादे छोटे अव्यय मिळून जेव्हा असा एकच अर्थ सांगतात, तेव्हा त्या जोडीला इंग्रजी व्याकरणात 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. प्रस्तुत लेखात सोयीसाठी तिला जोडक्रियापद म्हटले आहे, आणि तिच्यातल्या 'अप', 'आउट', 'ऑफ', 'ऑन', 'डाउन', 'ओव्हर', 'बॅक', 'अवे' यांसारख्या दुसऱ्या घटकाला नुसते अव्यय. ही अव्यये मुळात जागा किंवा दिशा दाखवणारी क्रियाविशेषणे होत. क्रियापदाशी त्यांची गाठ पडली की दिशेचा अर्थ कधी तसाच राहतो, कधी पुसट होतो, तर कधी वरवर पाहता नाहीसा झाल्यासारखा वाटतो.

सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत परकीयांना सर्वांत जड जाणारी गोष्ट म्हणून नेमक्या याच जोड्यांकडे बोट दाखवले होते. 'फ्रेझल व्हर्ब' ही संज्ञा मात्र बरीच उशिरा रूढ झाली; लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ च्या आपल्या पुस्तकात ती वापरली आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ती सुचवल्याचे तिथेच नमूद केले. या जोड्यांची ताकद किती, हे सी. के. ऑग्डेन यांच्या १९३० च्या 'बेसिक इंग्लिश' या प्रयोगातून चांगले दिसते. परभाषिकांसाठी अवघ्या ८५० शब्दांचे इंग्रजी तयार करताना त्यांनी क्रियापदे केवळ १८ ठेवली आणि उरलेल्या शेकडो क्रियापदांचे काम 'गेट', 'पुट', 'टेक', 'गिव्ह', 'गो' अशा साध्या क्रियापदांना दिशावाचक शब्द जोडून करून घेतले. शब्दांची यादी त्यामुळे आटोपशीर झाली खरी, पण शिकणाऱ्याचे कष्ट फारसे कमी झाले नाहीत, कारण 'टॉलरेट' हा एक शब्द पाठ करण्यापेक्षा 'पुट अप विथ' या तीन सोप्या शब्दांमधून सहन करण्याचा अर्थ कसा निघतो हे ध्यानात ठेवणे त्याला अधिकच अवघड जाते.

आपल्याकडे या जोड्या शिकवण्याची रूढ पद्धत म्हणजे एक क्रियापद घ्यावे, त्याला निरनिराळी अव्यये लावावीत आणि प्रत्येकाचा मराठी अर्थ समोर लिहावा. 'गेट अप', 'गेट ओव्हर', 'गेट अलाँग', 'गेट अवे' अशा याद्या परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ होतात आणि परीक्षेनंतर आठवड्याभरात विसरतात, आणि त्यात विद्यार्थ्याचा दोष थोडा आहे. 'गेट', 'पुट', 'टेक' यांसारख्या क्रियापदांना स्वतःचा अर्थ इतका कमी असतो की त्यांच्याभोवती रचलेल्या यादीला कुठलाच आधार मिळत नाही. जोडीचा खरा भार अव्यय वाहते. म्हणून अभ्यासाचा दोरा क्रियापदाच्या टोकाने न धरता अव्ययाच्या टोकाने धरावा, आणि मराठी माणसाला हे तुलनेने सोपे जावे असे एक साधन त्याच्या बोलण्यात आधीपासूनच असते.

ते साधन म्हणजे मराठीतली संयुक्त क्रियापदे. 'खाल्ले' आणि 'खाऊन टाकले' यांत खाण्याची क्रिया तीच असते, पण दुसऱ्या शब्दप्रयोगात ताटात काही उरले नाही, प्रकरण संपले, ही जास्तीची छटा 'टाकणे' या सहायक क्रियापदाने आणलेली असते. इंग्रजीत 'ईट' आणि 'ईट अप' यांतला फरक जवळजवळ हाच आहे. 'फाडून टाकणे' म्हणजे 'टेअर अप', 'विकून टाकणे' म्हणजे 'सेल ऑफ', 'देऊन टाकणे' म्हणजे 'गिव्ह अवे' असे जुळवत गेले की 'टाकणे' या एका शब्दाची कामे इंग्रजीने तीन अव्ययांत वाटून दिल्याचे दिसते. 'काढणे' आणि 'आउट' यांचे साम्य तर थक्क करणारे आहे: शोधून काढणे म्हणजे 'फाइंड आउट', लिहून काढणे म्हणजे 'राइट आउट', झाडून काढणे म्हणजे 'स्वीप आउट', खोडून काढणे म्हणजे 'क्रॉस आउट', आणि तोडगा काढणे म्हणजे 'वर्क आउट'. दोन्ही भाषांनी इथे एकच कल्पना वापरली आहे, ती अशी की दडलेली, गुंतलेली किंवा साठलेली वस्तू आतून बाहेर आणली म्हणजे ती उघड होते किंवा नाहीशी होते. याच न्यायाने 'लिहून ठेवणे' आणि 'राइट डाउन', किंवा 'बोलत राहणे' आणि 'कीप ऑन टॉकिंग', या जोड्या समोरासमोर मांडता येतात. शिवाय मराठीत सरळ क्रियाविशेषण आणि क्रियापद यांच्या जोड्याही आहेत; शब्द मागे घेणे हे 'टेक बॅक' आणि अभ्यासात मागे पडणे हे 'फॉल बिहाइंड' यांच्याशी शब्दशः जुळते.

संस्कृत जाणणाऱ्या वाचकाला उपसर्गांची आठवण होईल, आणि ती योग्यच आहे. एका 'हृ' धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे परस्परांपासून दूर गेलेले अर्थ उपसर्गांनीच निर्माण केले आहेत. अभिजात संस्कृतात उपसर्ग धातूच्या आधी येतो, पण वेदांच्या भाषेत तो धातूनंतर येऊ शकतो आणि धातू व उपसर्ग यांच्यामध्ये इतर शब्दही येऊ शकतात, अशी सोय पाणिनीने 'अष्टाध्यायी'च्या पहिल्या अध्यायात नोंदवून ठेवली आहे. 'टर्न द लाइट ऑफ' या वाक्यात 'टर्न' आणि 'ऑफ' यांच्यामध्ये 'द लाइट' घुसलेले पाहून ज्याला अवघडल्यासारखे होते, त्याने ही वैदिक रचना ध्यानात घ्यावी.

मात्र हे साम्य कुठे संपते तेही पाहिले पाहिजे. मराठीत 'खाऊन टाकणे' म्हटल्यावर खाणे शिल्लक राहते; इंग्रजीत मुख्य क्रियापदाचा अर्थ टिकेलच असे नाही. या दृष्टीने जोडक्रियापदांच्या तीन पायऱ्या मानता येतात. 'सिट डाउन', 'गो आउट', 'कम बॅक' यांत दोन्ही शब्दांचे अर्थ जसेच्या तसे असतात. 'ईट अप', 'कॅरी ऑन', 'यूज अप' यांत अव्यय केवळ क्रिया पुरी झाली, चालू राहिली, वाढली अशी अवस्था सांगते. 'गिव्ह अप', 'टर्न डाउन' म्हणजे नाकारणे, 'ब्रिंग अप' म्हणजे लहानाचे मोठे करणे, यांत अर्थ रूपकाने दूर गेलेला असतो. पाठांतराची गरज फक्त या तिसऱ्या पायरीला असते, आणि तिथेही अव्ययाचा स्वभाव ठाऊक असेल तर तर्काला जागा राहते. सुझन लिंडनर यांनी १९८१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत 'आउट' आणि 'अप' या दोनच अव्ययांवर प्रबंध लिहून त्यांचे विखुरलेले वाटणारे अर्थ एकमेकांशी कसे बांधलेले असतात हे दाखवले, तेव्हापासून ही जोड्यांची दुनिया केवळ लहरीपणाची आहे असे म्हणणे कठीण झाले आहे.

'अप'चा पहिला अर्थ वर जाण्याचा. भांड्यात पाणी भरत गेले की पातळी वर चढते, म्हणून वर जाणे म्हणजे वाढणे. वेग वाढवणे 'स्पीड अप' होते आणि रेडिओचा आवाज मोठा करणे 'टर्न अप'. पातळी काठापर्यंत पोहोचली की भांडे भरले, पुढे काही उरले नाही, म्हणून 'अप' पूर्णतेचेही अव्यय बनते: 'फिल अप', 'यूज अप', 'क्लीन अप', 'ड्राय अप'. जमिनीखाली किंवा नजरेखाली असलेली वस्तू वर आली की दिसू लागते, म्हणून एखादा माणूस उगवणे हे 'टर्न अप' किंवा 'शो अप', आणि चर्चेत विषय निघणे हे 'कम अप'. सर्वांत गंमत 'बर्न अप' आणि 'बर्न डाउन' यांची आहे, कारण दोन्हींत वस्तू जळूनच जाते. कागद 'बर्न अप' होतो, कारण तो संपून जातो. घर 'बर्न डाउन' होते, कारण त्याचा उभा सांगाडा खाली येतो. उलट वाटणारी अव्यये एकाच घटनेच्या दोन बाजू सांगत असतात.

'आउट'चे मुख्य काम वर 'काढणे'च्या निमित्ताने आलेच आहे. त्यात दोन गोष्टींची भर घालावी लागेल. एक म्हणजे साठा बाहेर पडून गेला की संपतो, त्यामुळे 'रन आउट ऑफ शुगर' म्हणजे साखर संपणे आणि 'वेअर आउट' म्हणजे झिजून निकामी होणे. दुसरी म्हणजे 'आउट'चा अर्थ पाहणारा कुठे उभा आहे यावर अवलंबून असतो. तारे 'कम आउट' होतात तेव्हा ते दिसू लागतात, दिवा 'गोज आउट' होतो तेव्हा तो विझतो. आपल्याकडे येणारे दृष्टीत येते, आपल्यापासून जाणारे दृष्टीआड होते, आणि फरक 'आउट'ने नव्हे तर 'कम' आणि 'गो' यांनी केलेला असतो.

'ऑफ' म्हणजे सुटे होणे, तुटणे. विमान धावपट्टीपासून सुटते ते 'टेक ऑफ', प्रवासाला निघणे ते 'सेट ऑफ', दिवा विजेपासून तोडणे ते 'स्विच ऑफ', आणि पावसामुळे क्रिकेटचा सामना रद्द करणे ते 'कॉल ऑफ'. शिकणाऱ्याला चकवते ते 'गो ऑफ'. 'द लाइट वेंट ऑफ' म्हणजे दिवा गेला, पण 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे गजर वाजू लागला, आणि 'द मिल्क वेंट ऑफ' म्हणजे दूध नासले. तिन्हींत वस्तू एका अवस्थेपासून सुटलेली आहे: दिवा विजेपासून, गजर आपल्या नेहमीच्या शांततेपासून, दूध आपल्या चांगल्या स्थितीपासून. कोणती अवस्था सुटली हे कर्त्यावरून कळते, म्हणून 'गो ऑफ'चा अर्थ वहीत एकटा लिहून ठेवण्यात काहीच अर्थ नाही. 'ऑन' हे 'ऑफ'च्या उलट, चिकटून राहण्याचे आणि त्यामुळे चालू राहण्याचे अव्यय, 'डाउन' घटण्याचे, दडपण्याचे आणि कागदावर उतरवण्याचे, 'बॅक' परतण्याचे. 'रिटर्न' शब्दातच परतणे असल्यामुळे भारतात सर्रास ऐकू येणारे 'रिटर्न बॅक' हे दुहेरी होते, तेवढे टाळावे.

मराठीचा आधार घेताना तीन ठिकाणी पाय घसरतो. मराठीत सभा पुढे ढकलतात, म्हणून शिकणारा 'पुट फॉरवर्ड' म्हणू पाहतो. इंग्रजीत त्याचा अर्थ एखादी सूचना मांडणे किंवा घड्याळाचे काटे पुढे नेणे असा होतो, आणि सभा पुढे ढकलणे हे 'पुट ऑफ' ठरते. दुसरे म्हणजे मराठीत पंखा बंद करतात आणि नळ उघडतात, त्यावरून 'क्लोज द फॅन' आणि 'ओपन द टॅप' अशी वाक्ये तयार होतात. पंख्यासाठी 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ' आणि नळासाठी 'टर्न ऑन' हेच नैसर्गिक आहे. तिसरे पुन्हा 'काढणे'चे, कारण हा शब्द मराठीत फारच कामाचा आहे. बँकेतून पैसे काढणे 'टेक आउट' होईल, पण चपला काढणे 'टेक ऑफ' होते आणि फोटो काढण्याला कोणतेही अव्यय लागत नाही. जिथे मराठी 'काढणे' दुसऱ्या क्रियापदाला जोडून येते तिथे 'आउट' बहुधा जुळते, आणि जिथे ते एकटे येते तिथे सावध राहावे, असा ढोबळ नियम करता येईल.

शब्दक्रमाचा भाग त्या मानाने नियमबद्ध आहे, पण त्याआधी एक भेद स्पष्ट असला पाहिजे. 'अप', 'ऑफ', 'ओव्हर' हेच शब्द इंग्रजीत कधी क्रियापदाशी बांधलेले अव्यय असतात, तर कधी पुढच्या नामाशी बांधलेले, म्हणजे आपल्याकडच्या शब्दयोगी अव्ययाचे काम करणारे. 'ही रॅन अप अ हिल' आणि 'ही रॅन अप अ बिल' ही वाक्ये कानाला सारखी वाटतात. पहिल्यात तो टेकडीवर धावत गेला आणि 'अप'चा संबंध टेकडीशी आहे, दुसऱ्यात त्याने खर्चाचे बिल फुगवले आणि 'अप'चा संबंध 'रॅन'शी आहे. ओळखण्याची सोपी कसोटी म्हणजे नामाच्या जागी 'इट' घालून पाहणे. टेकडीच्या वाक्यात 'रॅन अप इट' असे होते, बिलाच्या वाक्यात 'रॅन इट अप' असेच व्हावे लागते. याच कारणाने 'लुक आफ्टर इट' बरोबर असते, कारण 'आफ्टर' नामाचे आहे, पण कोशात शब्द पाहायचा असेल तर 'लुक इट अप' म्हणावे लागते, कारण 'अप' क्रियापदाचे आहे.

यातूनच जोडक्रियापदांचा सर्वांत महत्त्वाचा नियम निघतो, आणि सगळे नियम विसरले तरी हा एक विसरू नये. कर्म हे नाम असेल तर ते अव्ययाच्या आधी किंवा नंतर, दोन्हीकडे चालते: 'टर्न ऑफ द लाइट', 'टर्न द लाइट ऑफ'. कर्म 'इट', 'देम', 'हिम' असे सर्वनाम असेल तर ते मध्येच आले पाहिजे. 'टर्न ऑफ इट' हे इंग्रजी कानाला तितकेच खटकते जितके मराठी कानाला 'टाकून खाल्ले' खटकेल. उलट कर्म लांबलचक असेल, जसे की जिन्यावरचे आणि गच्चीतले सगळे दिवे, तर ते अव्ययानंतर ठेवावे, नाहीतर 'टर्न' म्हटल्यावर ऐकणारा 'ऑफ'ची वाट पाहत बसतो. बोलताना जोडक्रियापदातल्या अव्ययावर आघात येतो, नामाशी बांधलेल्या शब्दावर बहुधा येत नाही, आणि ऐकून शिकणाऱ्याला हा आघात व्याकरणाच्या कसोटीपेक्षा लवकर मदत करतो.

'पुट अप विथ', 'रन आउट ऑफ', 'लुक फॉरवर्ड टू' अशा तीन शब्दांच्या जोड्यांत कर्म शेवटीच येते. त्यातल्या 'लुक फॉरवर्ड टू' या प्रयोगानंतर आपल्याकडच्या पत्रांत हमखास 'मीट यू' लिहिले जाते; तिथला 'टू' नामाशी बांधलेला असल्यामुळे 'मीटिंग यू' हवे.

जोडक्रियापदे म्हणजे बोलीभाषा, लिखाणात 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'एक्स्टिंग्विश' यांसारखे भारदस्त शब्दच वापरावेत, असा एक समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. नॉर्मन विजयानंतर फ्रेंच आणि लॅटिन वळणाचे शब्द राज्यकारभार, न्याय आणि विद्या यांच्या वाटेने इंग्रजीत आले आणि घरगुती व्यवहारात जुने जर्मानिक शब्द टिकले, त्यामुळे 'पुट आउट' घरचे आणि 'एक्स्टिंग्विश' फलकावरचे अशी विभागणी झाली, हे खरे. पण 'कॅरी आउट', 'सेट अप', 'पॉइंट आउट' या जोड्या न्यायालयाच्या निकालात आणि शास्त्रीय निबंधातही कोणाला खटकत नाहीत. उलट घरात कोणी दिवा 'एक्स्टिंग्विश' करायला सांगितला तर त्याचे इंग्रजी पुस्तकी वाटते, आणि पुस्तकांतून इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाचा कल नेमका याच बाजूला झुकतो. हा कल फक्त आपला नाही. डगट आणि लॉफर यांनी १९८५ मध्ये हिब्रू भाषिक विद्यार्थी जोडक्रियापदे टाळून एकशब्दी पर्याय घेतात असे दाखवले, आणि पुढे १९८९ मध्ये हुल्स्टाइन आणि मार्चेना यांना असे आढळले की ज्यांच्या भाषेत अशा जोड्या आहेत ते डच विद्यार्थीसुद्धा रूपकात्मक अर्थाच्या जोड्यांपासून दूर राहतात.

चेकअप, मेकअप, बॅकअप, ब्रेकडाउन, वॉकआउट, लेआउट ही जोडक्रियापदांपासून बनलेली नामे मराठीने केव्हाच आपलीशी केली आहेत, आणि त्यांना 'करणे' लावून आपण काम भागवतो. इंग्रजीत नाम जोडून लिहितात आणि आघात पहिल्या भागावर देतात, तर क्रियापद तोडून लिहितात आणि आघात अव्ययावर देतात. संगणकावर 'लॉगिन' हे नाम आणि 'लॉग इन' ही क्रिया, हा भेद अनेक संकेतस्थळेही पाळत नाहीत. नामावरून क्रियापदाचा अर्थ मात्र गृहीत धरू नये, कारण 'मेक अप' या क्रियापदाचा नेहमीचा अर्थ रंगरंगोटीचा नसून गोष्ट रचून सांगणे किंवा भांडणानंतर समेट करणे असा आहे. 'पास आउट'चे असेच आहे. भारतात पदवीधर होण्याला 'पास आउट' म्हणतात आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत होणारी 'पासिंग आउट परेड' हा ब्रिटिश लष्करी प्रयोगच आहे, पण एरवी लंडनमध्ये किंवा न्यूयॉर्कमध्ये आपण अमुक साली 'पास आउट' झालो असे सांगितले तर ऐकणाऱ्याला आपण बेशुद्ध पडल्याचे वाटेल. 'कोप अप विथ' हा तर सरळ चुकीचा प्रयोग आहे. 'कोप विथ' एवढेच पुरे.

जोडक्रियापदांचे कोश हजारो नोंदींनी भरलेले पाहून हातपाय गाळण्याचे कारण नाही. डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी २००७ मध्ये सुमारे १० कोटी शब्दांच्या 'ब्रिटिश नॅशनल कॉर्पस' या संग्रहाची मोजणी केली, तेव्हा जोडक्रियापदांच्या ५,१८,९२३ वापरांपैकी निम्म्याहून अधिक वापर केवळ २० क्रियापदे आणि ८ अव्यये यांच्या जोडणीतून झालेले आढळले. अर्थांची गर्दी हा प्रश्न उरतोच, पण त्यावरही गार्निए आणि श्मिट यांनी २०१५ मध्ये सर्वाधिक वापरातल्या १५० जोड्या आणि त्यांचे फक्त २८८ अर्थ वेचून दिले आहेत. रोज दोन अर्थ घेतले तरी पाच महिन्यांत ही यादी पुरी होते.

वहीची पाने क्रियापदांनुसार न पाडता अव्ययांनुसार पाडावीत, आणि प्रत्येक नोंद कर्मासह पूर्ण वाक्यात करावी, कारण 'कॉल ऑफ' ही जोडी संप, लग्न, सामना यांच्याबरोबर येते आणि विनंती किंवा अर्जाबरोबर येत नाही, हे अर्थापेक्षा वाक्यातूनच कळते. कोश पाहताना जोडी मुख्य क्रियापदाच्या नोंदीत शेवटी शोधावी. तिथे 'समबडी' किंवा 'समथिंग' यांची संक्षिप्त रूपे क्रियापद आणि अव्यय यांच्यामध्ये छापलेली असतील तर कर्म मध्ये येऊ शकते, शेवटी छापलेली असतील तर येत नाही, आणि मुळीच नसतील तर ती जोडी अकर्मक आहे असे समजावे.